डब्ल्यूपीसीची चौकट: आपल्याच क्षेत्रातले लोक का कचरतात?

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणला चौदा वर्षं घरांची कामं करतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर माझ्या कामाचं स्वरूप पालटलं. पाणी ओसरल्यावर मी लागोपाठ पन्नास-साठ घरं पाहिली असतील. सगळीकडे एकच चित्र. फ्लश डोअरचे पापुद्रे सुटलेले, एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) ट्रॉल्यांचा लगदा, साध्या प्लायची कपाटं फुगून दारं लागेनाशी झालेली. जुन्या सागाच्या चौकटी मात्र चिखल धुतल्यावर पुन्हा तशाच उभ्या. आणि दोन घरांत बाथरूमला डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र मालाची, दारं होती, ती घरच्या बायकांनी पाइप मारून धुतली आणि त्याच दिवशी वापरायला घेतली.

तेव्हापासून घरमालक स्वतःहून डब्ल्यूपीसी मागतात. अडतं ते आमच्या बाजूला. माझा नेहमीचा सुतार म्हणतो, "साहेब, त्या कामाला मला बोलवू नका." एक आर्किटेक्ट मित्र नकाशावर हा शब्द लिहायलाच तयार नसतो. कंत्राटदार हो म्हणतो, पण फक्त स्वस्त पडलं तर. वाळवी, पावसाळा, पूर या तिन्हीला तोंड देणारी वस्तू समोर असताना आपण का कचरतो? दोष मालाचा की सवयीचा? ज्यांनी हाताने काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

निशिगंध

डब्ल्यूपीसी म्हणजे नेमकं काय? बाथरूमला पीव्हीसीचं पोकळ दार असतं तेच का?

पॉलिमरवाला

@निशिगंध, नाही. ते पोकळ पट्ट्यांचं दार वेगळं. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा बारीक भुसा (काही कारखान्यांत भाताचं तूसही) आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून ढकलून काढलेला माल. लाकूड पाणी ओढतं, प्लास्टिक पाणी झिडकारतं. दोघं एकमेकांना धरून राहावीत म्हणून सांधणारं रसायन घालावं लागतं, आणि मालाचा कस बराचसा तिथे ठरतो.

पण मूळ गोंधळ नावातच आहे. अमेरिका-युरोपात अंगणातल्या डेकसाठी जे वापरतात त्यात बहुतेक पॉलिइथिलीन आणि जवळपास निम्मा भुसा असतो. तो माल जड आणि घट्ट. आपल्याकडे चौकटी, दारं आणि बोर्ड म्हणून जे येतं ते बहुतेक पीव्हीसीचं, आत पावासारखी बारीक छिद्रं पाडून हलकं केलेलं, त्यात चुनखडीची भुकटी आणि भुसा कमी-जास्त. काही बोर्डांत भुसा नावापुरता. दोन वेगळ्या वस्तूंना आपण एकच नाव देतो, मग एकाचा अनुभव दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतो. मी वीस वर्षं या कारखानदारीत आहे, आणि मला वाटतं की वाशिष्ठीकाठ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

रंधा

मी सुतार. वडील सुतार, आजोबा सुतार. गाव सावर्डे. म्हणजे धागाकर्त्यांच्या शेजारचाच.

"सवय" हा शब्द वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितोय. आम्ही नवीन काही घेत नाही हे खरं नाही. सनमायका आला, घेतला. प्लाय आला, घेतला. हाताचं गिरमिट गेलं, ड्रिल मशीन आलं. मग इथेच का अडतं ते सांगतो.

२०१६ साली एका बंगल्याला सात दारं बसवली, चौकट आणि झडप दोन्ही डब्ल्यूपीसी. लाकडात स्क्रू पिळतो तसा पिळला. आठ महिन्यांत दोन दारं खाली बसली, बिजागरीचे स्क्रू भोकातून ढिले. मालकाने फोन मला केला. दुकानदाराला नाही, कारखान्याला नाही, मला. तीन खेपा माझ्या पैशाने केल्या. लाकडात भोक मोठं झालं तर मी सागाची खुंटी ठोकतो, फेविकॉल लावतो, पुन्हा स्क्रू धरतो. इथे खुंटीही धरेना आणि फेविकॉलही.

रंधा चालत नाही. म्हणजे चालतो, पण साल निघत नाही, चुरा निघतो. तो चुरा अंगाला, कपड्यांना, भिंतीला चिकटून बसतो. पटाशी लावली की कोपरा तुटतो. लाकडाची चौकट पावसाळ्यात दोन सूत (पाव इंच) फुगली तर मी येऊन तासून देतो. हे उन्हात वाकलं तर त्याला काय करायचं?

आणि शेवटचं, जे कोणी विचारत नाही. चौकट घडवायची म्हणजे माप घेणं, लाकूड निवडणं, कुसू काढणं, सांधा बसवणं. तीन दिवसांचं काम, तीन दिवसांची मजुरी. डब्ल्यूपीसीची चौकट कारखान्यातून कापून येते. माझ्या वाट्याला बसवणं तेवढं उरतं, दोन तासांचं. मजुरी दोन तासांची आणि जबाबदारी दहा वर्षांची. मग सुतार "मला बोलवू नका" म्हणाला तर तो अडाणी नाही, हिशेबी आहे.

ओळंबा

@रंधा, हा प्रतिसाद छापून माझ्या ऑफिसात लावणार आहे.

घनफूट

पुण्यात मोठ्या गृहप्रकल्पांवर कंत्राटदार म्हणून काम करतो. आमचा हिशेब रंधाभाऊंपेक्षा वेगळा आहे, पण शेवट तिथेच येतो.

आमच्याकडे खोल्यांना मलेशियन साल लाकडाची चौकट, टॉयलेटला ग्रॅनाइटची. पुण्या-मुंबईत टॉयलेटची लाकडी चौकट जवळजवळ संपलीच, आणि ती संपवली ग्रॅनाइटने. डब्ल्यूपीसी नंतर आलं. त्यामुळे "पाण्याला टिकतं" या एका मुद्द्यावर ते विकायला येणाऱ्यांना आम्ही सांगतो, तो प्रश्न दगडाने आधीच सोडवलाय.

तरी आम्ही घेतो, कारण कामाचा क्रम सुधारतो. लाकडी चौकट वीटकामाबरोबर उभी करून होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणारी लोखंडी पट्टी) सिमेंटमध्ये गाडावा लागतो. मग प्लास्टर, टाइल्स, रंग, सगळं होईपर्यंत तिला घमेली लागतात, सिमेंट लागतं, कोणी त्यावर चढतं. डब्ल्यूपीसीची चौकट टाइल्स झाल्यावर अँकर फासनरने (भिंतीत रुतणाऱ्या बोल्टने) बसवता येते. तीनशे दारांच्या कामात हा फार मोठा फरक आहे.

भीती वेगळी. रेरा या घर-खरेदीच्या कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं कामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. बिल्डर तो दोष आमच्याकडे ढकलतो. कारखान्याचं गॅरंटी कार्ड मी पूर्ण वाचलंय. वाळवी लागली तर बदलून देऊ, कुजलं तर बदलून देऊ. वाळवी लागणारच नाही, म्हणजे ती गॅरंटी द्यायला सोपी. स्क्रू ढिला झाला, दार वाकलं, तर "बसवण्यातला दोष". ज्या गोष्टी खरोखर बिघडतात त्या कार्डावर नसतात.

सातारकर_जावई

अवांतर: आमचे आजेसासरे दारावर टिचकी मारून लाकूड ओळखायचे. साग, शिसव, फणस, अचूक. नव्या घरी डब्ल्यूपीसीच्या दारावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "आत कोणी नाही." :-)

मधुमालती

आर्किटेक्ट आहे, नाशिक. नकाशावर हा शब्द न लिहिणाऱ्यांत मीही होते, म्हणून माझी बाजू.

आमच्या पिढीने "लाकडाला पर्याय" हे शब्द फार वेळा ऐकले. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने सरकारी इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि जंगलतोडीवर देशभर चाप बसला. दोन्ही गोष्टी जंगलासाठी आवश्यक होत्या, यात मला शंका नाही. पण त्यानंतर जे पर्याय आले ते आम्ही वापरून पाहिले. पत्र्याची चौकट तळाशी गंजली. सिमेंटच्या चौकटीत बिजागरीचा स्क्रू धरेना. फायबरच्या दारांचे कोपरे उडाले. प्रत्येक वेळी विक्रेत्याने "आयुष्यभराची चिंता मिटली" असं सांगितलं आणि प्रत्येक वेळी घरमालकासमोर मान खाली मी घातली. २०२० मध्ये ती सरकारी बंदी उठली, कारण लागवडीचं लाकूड हे नव्याने उगवणारं साहित्य आहे हे मान्य झालं. मग आता मी प्लास्टिककडे का जाऊ, हा प्रश्न मला पडतो.

दुसरी हरकत डोळ्याची. पांढऱ्या बोर्डावर सागाचे रेषे छापून तो साग म्हणून लावायचा हे मला पटत नाही. वस्तू जी आहे ती दिसावी. डब्ल्यूपीसी सरळ रंगवा, एकरंगी ठेवा, मी आनंदाने वापरीन. गेल्या वर्षी एका दवाखान्यात तसंच केलं. फिकट हिरव्या रंगाची दारं, रोज फिनाइलने पुसली जातात, अजून जशीच्या तशी.

आलापल्ली

@मधुमालती, मनापासून सहमत. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. तो सोडून भुशाच्या चौकटी कशाला?

वाशिष्ठीकाठ

@आलापल्ली, कारण माझ्या ग्राहकाला तो साग परवडत नाही हो. दोन खोल्यांचं घर दुरुस्त करणाऱ्या माणसापुढे साग की डब्ल्यूपीसी असा प्रश्न नसतोच. त्याच्यापुढे हलक्या लाकडाचं फ्लश डोअर की डब्ल्यूपीसी, एवढंच असतं.

मांडवीतीर

गोव्यात हॉटेलांच्या कामांवर देखरेख करतो. तरणतलावाभोवतीच्या डेकचा अनुभव लिहितो, हा पॉलिमरवाला म्हणतात तो दुसऱ्या जातीचा माल.

पहिल्या कामात आमच्या माणसांनी पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या, लाकडी तक्तपोशी करतात तशा. मे महिन्यात मधला भाग उचलला गेला, पाहुणे ठेचकाळायला लागले. लाकूड लांबीच्या दिशेने उष्णतेने जवळजवळ वाढत नाही, ते वाढतं पाण्याने आणि तेही आडवं. या मालाचं उलट, तो लांबीत वाढतो. तीन मीटरची पट्टी, सकाळ-दुपारच्या तापमानात तीस अंशांचा फरक, म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटर वाढ धरावी लागते. सुताराच्या भाषेत सव्वा सूत. एवढी फट टोकाला सोडली की प्रश्न संपतो. दुसऱ्या कामात सोडली, पट्टी जागची हलली नाही.

दोन गोष्टी मात्र फटीने सुटत नाहीत. गडद रंगाचा डेक दुपारी अनवाणी पायाला भाजतो. आणि पावसाळ्यात खालून हवा खेळली नाही तर काळी बुरशी धरते, कारण आत शेवटी भुसा आहे. "देखभाल शून्य" असं सांगून विकतात ते खोटं आहे. वर्षातून दोनदा घासून धुवावंच लागतं.

हडसनपार

न्यू जर्सीहून. इथे माझं स्वतःचं डेक अशा मालाचं आहे, आणि बांधणारा वयस्क कंत्राटदार सुरुवातीला याच्या कसा विरोधात होता ते त्याने मला बांधता बांधता सांगितलं. आधी इथे डेकला आर्सेनिकचं रसायन मुरवलेलं पाइन वापरायचे. २००३ च्या अखेरीस घरगुती कामांसाठी ते बंद झालं आणि लोक मिश्र मालाकडे वळले. पहिल्या पिढीच्या पट्ट्या उघड्या असायच्या, त्यांवर बुरशीचे डाग पडले, रंग उडाला, बांधणाऱ्यांना शिव्या बसल्या. नंतर वरून प्लास्टिकचं कवच दिलेल्या पट्ट्या आल्या, तेव्हा कुठे हे लोक राजी झाले. म्हणजे इथला सुतार आणि सावर्ड्याचा सुतार एकच बोलतोय.

निशिगंध

@पॉलिमरवाला, धन्यवाद, आता कळलं. मग माझी एक तक्रार इथेच मांडते. पुस्तकांचं कपाट या बोर्डाचं केलं, फळी तीन फुटी. वर्षभरात मधोमध खोलगट झाली. सुताराला दोष दिला होता मी. चुकलंच का माझं?

पॉलिमरवाला

@निशिगंध, बहुधा हो. प्लास्टिकचा हा स्वभाव आहे, सतत वजन ठेवलं की ते हळूहळू बसत जातं आणि वजन काढलं तरी पूर्ण वर येत नाही. पुस्तकांच्या फळीला मध्ये टेकू हवा किंवा सरळ प्लाय वापरावा. सिंकखालच्या कपाटाला डब्ल्यूपीसी उत्तम, ग्रंथांच्या कपाटाला नाही.

@रंधा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्क्रूबद्दल लिहितो. या मालात स्क्रूआधी त्याच्यापेक्षा बारीक भोक पाडावंच लागतं. स्क्रू पूर्ण आट्यांचा आणि लांब घ्या, आणि शेवटचे दोन वेढे हाताने पिळा. ड्रिलने जोर लावला की आतल्या छिद्रांच्या भिंती फुटतात. तेव्हा घट्ट वाटतं, पण धरलेलं काही नसतं. सात बाय तीन फुटांचं, तीस मिलिमीटर जाडीचं सलग दार पस्तीस किलोच्या आसपास भरतं, तीन बिजागऱ्यांऐवजी चार लावा. पाण्यातला फेविकॉल धरत नाही कारण त्याला मुरायला रंध्रं लागतात, तिथे रबराचा चिकट लागतो. वाकण्याबद्दल: पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि गडद सनमायका लावलेलं पश्चिमेचं दार उन्हात हवेपेक्षा खूप जास्त तापतं. बाहेरच्या, उन्हातल्या दाराला हे लावूच नये. कोणी लावायला सांगितलं तर नाही म्हणा.

आणि एक विनंती. तुकडे जाळू नका. आपल्याकडे कामाचे उरलेले तुकडे बंबात जातात, गवंड्यांच्या चुलीत जातात. पीव्हीसी जाळलं की आम्लाचा धूर निघतो, छातीत जातो, आणि त्याहून विषारी द्रव्यंही तयार होतात.

रंधा

@पॉलिमरवाला, बंबाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या कामाच्या तुकड्यांची पोती शेजारी दोन-तीन घरं नेतात, लाकूडच समजून. मीही एक पोतं दिलं होतं. उद्याच जाऊन परत आणतो.

भोक पाडायचं, चार बिजागऱ्या, हाताने शेवटचे वेढे. हे मला कोणी २०१६ ला सांगितलं असतं तर तीन खेपा वाचल्या असत्या. दुकानदाराने एक गुळगुळीत कागद दिला होता, इंग्रजीत, वर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. मराठीत चार ओळी कोणी छापल्या नाहीत.

पंचगंगा_ट्रेडर्स

कोल्हापुरात प्लाय आणि बोर्ड विकतो. दुकानदारांवर आलंय म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रंधादादा, तुमचं बरोबर आहे. आम्हाला कारखान्याचा माणूस भाव आणि कमिशन सांगतो, भोक कोणी सांगत नाही. पण ग्राहकही "अमुक रुपयांत आहे का" एवढंच विचारतो, आणि भाव पाडायला कारखान्याकडे एकच सोपा मार्ग असतो, आत हवा वाढवायची.

म्हणून माझ्या दुकानातलं गुपित इथे उघड करतो. बोर्ड तोला. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटरचा बोर्ड ६०० च्या घनतेचा (घनमीटरला ६०० किलो) असेल तर बत्तीस किलो भरला पाहिजे. सत्तावीस भरला तर तो ५००चा आहे, त्यात स्क्रू धरेल अशी अपेक्षा ठेवू नका. बिजागरीच्या कामाला मी स्वतः ६५०-७००च्या खाली देत नाही. छापील कागदावर काहीही असो, काट्यावर खोटं बोलता येत नाही. मात्र जाडीही मोजा, १८ सांगून १७ देणारे आहेत.

ओळंबा

वजनकाट्याची युक्ती झकास. वाचनखूण साठवली.

घनफूट

पंचगंगा, हे टेंडरमध्ये लिहायला लागलो तर निम्मे पुरवठादार गळतील. लिहिणार आहे. अजून एक भर: उंच इमारतीत जिन्याला जी अग्निरोधक दारं लागतात तिथे हा माल चालत नाही. एका साइटवर कोणीतरी तो बसवायला काढला होता, थांबवला.

मधुमालती

मूळ प्रश्नाकडे येऊ या. हा धागा वाचून माझं मत थोडं सरकलंय. मी आजवर "डब्ल्यूपीसी नको" म्हणत होते, प्रत्यक्षात माझी तक्रार होती की मला नक्की काय मिळतंय ते कोणी सांगत नाही. सागाचं लाकूड मी हाताने पारखू शकते. याची पारख माझ्या शिक्षणात नव्हती. काटा आणि मोजपट्टी घेऊन पारख होत असेल तर नकाशावर घनता, जाडी आणि बिजागऱ्यांची संख्या मी लिहीन. आणि सुताराची मजुरी वेगळी लिहीन, बसवण्याची नव्हे, जबाबदारीची.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. विशेषतः रंधा यांचे. "सवय" हा शब्द मी चुकीचा वापरला, मागे घेतो.

काल माझ्या सुताराशी बोललो, हा धागा त्याला फोनवर वाचून दाखवला. मजुरीच्या परिच्छेदापर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, "हेच तर मी दोन वर्षं सांगतोय." मला तर आठवत नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं.

इथल्या पेठमापमधल्या एका घराचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय, पुराची रेषा अजून भिंतीवर आहे. ठरलंय असं: पुढचं दार आणि त्याची चौकट जुनीच, सागाची, तासून-पॉलिश करून. आतली तीन दारं आणि ओट्याखालची कपाटं डब्ल्यूपीसी, तोलून घेतलेली. माळ्याच्या फळ्या प्लायच्या. पहिल्या वर्षात दार खाली बसलं तर खेपेचे पैसे मी देणार, सुतार नाही. हे कागदावर लिहून दिलंय.

रंधा

@वाशिष्ठीकाठ, पेठमाप माझ्यापासून अर्ध्या तासावर. तुमच्या सुताराची हरकत नसेल तर पहिलं दार बसवताना येऊन बघीन म्हणतो. भोकं कुठल्या मापाची पाडायची ते दोघं मिळून एका तुकड्यावर आधी करून बघू. आणि तुकडे पोत्यात भरून ठेवा, कोणाला देऊ नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.